जिम लावलीय, वजन उतरवायचंय: प्रोटीनचा डबा घ्यायचा का?

जिम लावून आठवडा होत नाही तोच प्रश्न येतो, "प्रोटीन कुठलं घेताय?" कधी ट्रेनर विचारतो, कधी शेजारच्या मशीनवरचा. काउंटरमागच्या फळीवर मोठमोठे काळे डबे मांडलेले असतात आणि त्यांच्याशिवाय व्यायाम वाया जाईल असं नव्या माणसाला वाटायला लागतं. वजन उतरवायला आलेल्याच्या खिशाला हा दोन-तीन हजारांचा खर्च आहे, आणि चुकीचा डबा उचलला तर वजन उलट वाढतं. म्हणून हा प्रश्न आकडे मांडूनच सोडवायला हवा.

आधी उत्तर सांगून टाकू. वजन कमी करायला पावडर लागत नाही. प्रोटीन मात्र पुरेसं लागतं, आणि आपल्या रोजच्या जेवणात ते बऱ्याचदा कमी पडतं. ही तूट स्वयंपाकघरातून भरून निघाली तर डब्याचं काम उरत नाही. काहींची ती निघत नाही, त्यांना डबा खरोखर उपयोगी पडतो. तुम्ही यांपैकी कोण, हे तीन दिवस खाणं मोजलं की कळतं. ते कसं मोजायचं तेही पुढे येईलच.

वजन उतरतं कशाने

शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरींचा साठा. रोजच्या खर्चापेक्षा ४०० कॅलरी कमी खाल्ल्या तर महिन्याला १२,००० कॅलरींची तूट पडते आणि दीड किलोच्या आसपास चरबी जाते. ही तूट नसेल तर कुठलीही पावडर, गोळी किंवा काढा चरबी हलवू शकत नाही. प्रोटीन पावडर हे अन्न आहे. दूध, डाळ, अंडी जशी, तशीच ती. तिच्यात चरबी जाळणारं काही नसतं आणि तिच्याही कॅलरी मोजाव्याच लागतात.

नवीन माणसाची पहिली चूक इथेच होते. ७० किलोच्या माणसाने सेटमधली विश्रांती धरून तासभर वजनं उचलली तर २०० ते २५० कॅलरी खर्च होतात. मग तो घरी येऊन एक स्कूप पावडर (१२० कॅलरी), ग्लासभर दूध (१५०) आणि एक केळं (१००) मिक्सरमधून काढून पितो. झाल्या ३७० कॅलरी. त्यावर रात्रीचं जेवण नेहमीइतकंच. म्हणजे जिमला गेल्यामुळे दिवसाचा हिशेब १२० ते १७० कॅलरींनी वाढला. दोन महिन्यांनी काटा तिथेच असतो आणि दोष मात्र शरीराला दिला जातो.

मग प्रोटीनचा आग्रह का? कारण तूट पडली की शरीर फक्त चरबी काढत नाही, स्नायूही काढतं. काट्यावर पाच किलो कमी दिसले आणि त्यात दीड-दोन किलो स्नायू असले, तर माणूस बारीक होतो पण ढिला पडतो, जिने चढताना दमतो, आणि पुन्हा नेहमीचं खायला लागला की वजन परत येतं. हे थांबवायला दोन गोष्टी लागतात. स्नायूंना काम देणारा व्यायाम, म्हणजे वजनं उचलणं, आणि त्या स्नायूंच्या डागडुजीसाठी पुरेसं प्रोटीन. शिवाय प्रोटीनने पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. ते पचवायलाही शरीराला जास्त खर्च येतो. प्रोटीनच्या १०० कॅलरींतल्या २० ते ३० पचनातच जातात. पिठूळ पदार्थांच्या ५ ते १० जातात आणि तेलातुपाच्या जेमतेम ३.

या दोन गोष्टींत जड पारडं व्यायामाचं आहे, हे नव्या माणसाने पक्कं लक्षात ठेवावं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४० तरुणांना चार आठवडे गरजेपेक्षा ४० टक्के कमी कॅलरी दिल्या आणि आठवड्याचे सहा दिवस कसून व्यायाम करून घेतला. निम्म्यांना किलोमागे २.४ ग्रॅम प्रोटीन दिलं, उरलेल्यांना १.२ ग्रॅम. जास्त प्रोटीनवाल्यांची चरबी ४.८ किलो गेली आणि चरबी सोडून उरणारं वजन १.२ किलोने वाढलं. बातम्यांत गाजला तो एवढाच भाग. पण १.२ ग्रॅमवाल्यांकडेही बघा. त्यांची चरबी ३.५ किलो गेली आणि एवढ्या कडक उपासमारीतही चरबी सोडून उरणारं वजन घटलं नाही. किलोमागे १.२ ग्रॅम हा आकडा घरच्या जेवणातून गाठता येतो. वजन उतरवणाऱ्यासाठी या प्रयोगातली सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट हीच आहे.

तुम्हाला किती लागतं

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढ माणसाला रोज वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन हवं. हा आकडा साधं, विनाव्यायामाचं आयुष्य धरून काढलेला आहे. वजनं उचलणाऱ्यांसाठी २०१८ साली ४९ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले. त्यात किलोमागे साधारण १.६ ग्रॅमच्या पुढे स्नायूंना आणखी फायदा दिसला नाही. म्हणून वजन उतरवणाऱ्या नवख्याने १.२ ते १.६ ग्रॅमच्या मध्ये राहावं. "वजनाच्या दुप्पट ग्रॅम" असा जो नियम जिममध्ये सांगतात, तो स्पर्धेला उतरणाऱ्या शरीरसौष्ठवपटूंच्या वर्तुळातला आहे. सोमवारी पहिल्यांदा डंबेल हातात घेतलेल्याला तो लागू नाही.

यात एक मेख आहे. हे किलो कुठले? ९५ किलोच्या माणसाने आपल्या आजच्या वजनाला १.६ ने गुणलं तर १५२ ग्रॅम येतात आणि तो घाबरून डबा घेतो. चरबीला प्रोटीन पुरवायचं नसतं. म्हणून वजन बरंच जास्त असेल तर उंचीवरून वजन काढा. उंची मीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा आणि २३ ने गुणा. १७० सेंटिमीटर उंचीला १.७ गुणिले १.७ म्हणजे २.८९, आणि गुणिले २३ म्हणजे ६६ किलो. आता १.२ ने ८० ग्रॅम आणि १.६ ने १०५. त्या १५२ ग्रॅमांचं ओझं इथेच उतरलं.

एका ताटाचा हिशेब

एक उदाहरण बारकाईने बघू. पस्तिशीची बाई, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ७० किलो, शाकाहारी, ऑफिसात बसून काम, आठवड्यातून चार दिवस जिम. उंचीवरून तिचं हिशेबाचं वजन येतं ५५ किलो, म्हणजे प्रोटीन हवं ६६ ते ८८ ग्रॅम. तिचा दिवसाचा एकूण खर्च १,८५० कॅलरींच्या आसपास. ४०० वजा केल्या की खायच्या साधारण १,४५०.

तिचा सध्याचा दिवस असा. सकाळी चहा आणि बशीभर कांदेपोहे, म्हणजे ७५ ग्रॅम पोहे, वर थोडे शेंगदाणे, यातून ८ ग्रॅम प्रोटीन. दुपारच्या जेवणाच्या डब्यात तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, साडेअकरा ग्रॅम. चारला पुन्हा चहा आणि चार बिस्किटं, बिस्किटांतून २ ग्रॅम. दोन्ही चहांच्या दुधातून ३. रात्री भात, वरण, एक पोळी, भाजी, १५ ग्रॅम. बेरीज झाली जेमतेम ४० ग्रॅम. कॅलरी १,७५० च्या घरात. खाणं भरपूर नाही, तरी वजन हलत नाही आणि प्रोटीन गरजेपेक्षा २५ ग्रॅमने कमी. हे ताट असंख्य घरांत रोज वाढलं जातं.

वरणाचं जरा थांबून पाहण्यासारखं आहे, कारण "आम्ही रोज डाळ खातो की" हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. चौघांच्या घरात कुकरला १०० ग्रॅम तूरडाळ लावली तर एकेकाच्या वाट्याला कच्ची २५ ग्रॅम डाळ येते. तुरीत प्रोटीन असतं १०० ग्रॅमला २२ ग्रॅम. म्हणजे वाटीभर वरणातून मिळाले साडेपाच. आमटी पातळ असेल तर वाटी तेवढीच, पण प्रोटीन तीन ग्रॅमवर येतं. इंटरनेटवरचे तक्ते बहुतेक कच्च्या डाळीचे असतात, आणि लोक त्यातले २२ ग्रॅम शिजलेल्या वाटीला लावून मोकळे होतात. सगळ्यात मोठी चूक इथे होते. डाळ, कडधान्य, सोयावडी, तांदूळ, चिकन, सगळं कच्चं असतानाच काट्यावर ठेवा. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा डब्यापेक्षा खूप स्वस्त येतो आणि उपयोग त्याहून कितीतरी जास्त.

आता त्याच घरात, त्याच गॅसवर, तिचा दिवस बदलून बघू. सकाळी पोह्यांऐवजी ५० ग्रॅम मूगडाळ भिजवून वाटून केलेली दोन धिरडी, एक चमचा तेलात, सोबत १०० ग्रॅम दही. १५ ग्रॅम. डब्यात दोन पोळ्या, ४० ग्रॅम कच्च्या मटकीची मोड आणून केलेली उसळ, १५० ग्रॅम दही आणि कोशिंबीर. २० ग्रॅम. चारला बिस्किटांच्या जागी मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम फुटाणे. ६ ग्रॅम. रात्री ५० ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी, ३० ग्रॅम सुक्या सोयावड्यांचा रस्सा आणि वाटीभर घट्ट वरण. २६ ग्रॅम. दोन्ही चहांचे ३ ग्रॅम तसेच. बेरीज ७० ग्रॅम, कॅलरी १,४५० ते १,५००. पावडरचा डबा न उघडता प्रोटीनही गाठलं आणि तूटही पडली.

सोयावड्या अनेकांना वासामुळे आवडत नाहीत. उकळत्या पाण्यात मीठ घालून सात-आठ मिनिटं ठेवायच्या, गार पाण्याने दोनदा धुवायच्या आणि प्रत्येक वेळी घट्ट पिळायच्या. वास त्या पाण्याबरोबर जातो. मग कांदा-खोबऱ्याच्या वाटणात टाकल्या की छान मुरतात. सुक्या ३० ग्रॅमचं प्रमाण रोज खायला बिनधास्त आहे. सोयामुळे पुरुषांचं पुरुषत्व जातं ही भीती एवढ्या प्रमाणाला लागू नाही. थायरॉइडची गोळी चालू असेल तर मात्र गोळी आणि सोया यांत चार तासांचं अंतर ठेवा, कारण सोया गोळीचं शोषण कमी करतं.

उपासाच्या दिवशी हा हिशेब हमखास कोलमडतो. साबुदाण्यात प्रोटीन जवळपास शून्य असतं, खिचडीत जे येतं ते शेंगदाण्यांचं. आठवड्याचा उपास असेल तर त्या दिवशी राजगिऱ्याची भाकरी, दही, ताक, दूध, थोडं पनीर यांवर भर द्या आणि जिमचा जड दिवस दुसरीकडे ढकला.

प्रोटीन कितीला पडतं, कॅलरींत

पावडरचा खरा गुण समजून घ्यायचा तर हे मोजमाप लागतं. एका स्कूपमध्ये २४ ग्रॅम प्रोटीन आणि १२० कॅलरी. तेवढंच २४ ग्रॅम प्रोटीन दुसऱ्या पदार्थांतून घ्यायचं तर किती कॅलरी खाव्या लागतील?

सात अंड्यांचा फक्त पांढरा भाग, १२० कॅलरी, अगदी पावडरइतक्या. बिनकातड्याचं कच्चं चिकन ब्रेस्ट १०५ ग्रॅम, तेल वगळता १२५ च्या आसपास. सोयावड्या सुक्या ४६ ग्रॅम, १६० कॅलरी. चार अख्खी अंडी, २८० कॅलरी. पनीर १३० ग्रॅम, साडेतीनशेच्या घरात. तूरडाळ कच्ची ११० ग्रॅम, ३७० कॅलरी. फुटाणे ११० ग्रॅम, ४०० कॅलरी. टोन्ड दूध पाऊण लिटर, ४४० कॅलरी. शेंगदाणे ९६ ग्रॅम, जवळपास साडेपाचशे कॅलरी.

शेवटचा आकडा मुद्दाम मोठ्याने वाचा. शेंगदाणे, बदाम, पीनट बटर यांना प्रोटीनचे पदार्थ म्हणतात, पण वजन उतरवणाऱ्यासाठी ते आधी तेलाचे पदार्थ आहेत. मूठभर खा, चवीला खा, प्रोटीनसाठी त्यांच्या भरवशावर राहू नका. पनीरही तसंच. हॉटेलातलं पनीर बटर मसाला हे "हाय प्रोटीन" जेवण होत नाही. किनाऱ्यावरच्या लोकांना इथे मोठी सोय आहे. ताज्या बांगड्यात १०० ग्रॅमला १९-२० ग्रॅम प्रोटीन असतं. रवा लावून भरपूर तेलात तळण्याऐवजी तव्यावर चमचाभर तेलात भाजला, किंवा तिखलं केलं, की काम झालं. सुके बोंबील आणि जवळा तर प्रोटीनने भरलेले असतात. फक्त खारवलेले असतील तर रक्तदाबवाल्यांनी बेताने.

वजन उतरवताना कॅलरींची मर्यादा घट्ट असते, आणि त्या मर्यादेत कमी कॅलरींत प्रोटीन देणं, हाच पावडरचा गुण. तिचा दुसरा गुण सोय, शिजवावी लागत नाही. तिसरा गुण नाही.

मग डबा कुणी घ्यावा

वरचं बदललेलं ताट नीट करून पाहिलं आणि तरी रोज २०-२५ ग्रॅमची तूट राहते आहे, त्याने. असं बहुधा यांचं होतं. अंडं-मासा न खाणारे आणि सोयाही न पचणारे किंवा न आवडणारे. उंची कमी असलेल्या बायका, ज्यांना दिवसाला १,३०० कॅलरींतच सगळं बसवायचं आहे. डाळी-कडधान्यांनी पोट फुगणारे. सकाळी सहाची लोकल पकडून रात्री नऊला घरी येणारे, मेसचं किंवा पीजीचं जेवण जेवणारे विद्यार्थी, ज्यांच्या हातात स्वयंपाकघर नाही. आणि साठीच्या पुढचे, ज्यांची भूकच कमी झाली आहे आणि स्नायू झपाट्याने झडतात. यांनी डबा घ्यायला संकोच करू नये. त्यात हार नाही आणि ते कृत्रिमही नाही.

बाकीच्यांनी पहिले दोन महिने डब्याचे पैसे अंडी, दही आणि कडधान्यांवर खर्च करावेत. भाव गावागावांत वेगळे, पण हिशेबाची रीत एकच. समजा किलोचा डबा ३,००० रुपयांना आहे आणि त्यात ३० ग्रॅमचे ३३ स्कूप निघतात. म्हणजे २४ ग्रॅम प्रोटीन ९० रुपयांना पडलं. सोयावड्या १५० रुपये किलो धरल्या तर तेवढंच प्रोटीन सात रुपयांत येतं. अंडं सात रुपयांना धरलं तर चार अंड्यांचे अठ्ठावीस.

डब्यात असतं काय

बहुतेक डब्यांत व्हेची पावडर असते. व्हे म्हणजे आपल्या ओळखीचीच वस्तू. दूध फाडून पनीर केलं की खाली जे हिरवट-पिवळं पाणी उरतं, ज्यात आपण कणीक भिजवतो, तेच व्हे. दुधातल्या प्रोटीनचा ८० टक्के भाग केसिन आणि २० टक्के व्हे. चीजच्या कारखान्यात उरलेलं हे पाणी बारीक चाळण्यांतून गाळतात, साखर आणि स्निग्धांश काढतात आणि वाळवून पावडर करतात. घरच्या पनीरच्या पाण्यात प्रोटीन फारच थोडं असतं, त्यामुळे ते पिऊन पावडरची बरोबरी होणार नाही. कणकेत घालायला मात्र उत्तम.

व्हे कॉन्सन्ट्रेटमध्ये साधारण ७० ते ८० टक्के प्रोटीन असतं आणि थोडी लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, राहते. आयसोलेटमध्ये ९० टक्क्यांच्या आसपास प्रोटीन आणि लॅक्टोज अगदी कमी. दूध प्यायल्यावर ज्यांचं पोट गुरगुरतं त्यांनी आयसोलेट घ्यावं. बाकीच्यांना कॉन्सन्ट्रेट पुरतं. हायड्रोलाइज्ड नावाच्या महागड्या प्रकाराची नवख्याला गरजच नाही. दूध पूर्ण वर्ज्य असेल तर वाटाणा आणि तांदूळ यांच्या मिश्रणाची पावडर चालते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मास गेनर उचलणं. डबा तसाच, चित्रही तसंच, आणि किलोमागे भाव कमी, म्हणून तो स्वस्त वाटतो. त्यात बहुतांश माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे झटकन पचणारं पीठ असतं. एका वेळेच्या मात्रेत तीनशे-चारशे किंवा त्याहून जास्त कॅलरी निघतात. तो वजन वाढवायला बनवलेला आहे. डब्यामागचा तक्ता वाचा आणि "१०० ग्रॅममध्ये" हा रकाना बघा. प्रोटीन ७० ग्रॅमच्या खाली असेल तर डबा परत फळीवर ठेवा.

लेबलवर आणखी चार गोष्टी पाहायच्या. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणून पहिलं नाव व्हेचं असलं पाहिजे. साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन वरच्या क्रमांकावर नको. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षेच्या सरकारी प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांक हवा, आणि माल परदेशी असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता असलेला स्टिकरही. यादीत ग्लायसिन किंवा टॉरिन वेगळे घातलेले दिसले तर सावध व्हा. प्रयोगशाळेतली नेहमीची चाचणी पावडरीतला नायट्रोजन मोजते आणि त्यावरून प्रोटीनचा अंदाज काढते. ही स्वस्त अमिनो आम्लं (प्रोटीन ज्यांचं बनतं तसले सुटे घटक) मिसळली की नायट्रोजन वाढतो आणि कागदावर प्रोटीन जास्त दिसतं, पण स्नायूंच्या कामाचं ते नसतं.

ही भीती हवेतली नाही. २०२४ साली 'मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरींची तपासणी छापून आली. जवळपास ७० टक्के पावडरींच्या लेबलवरची प्रोटीनची माहिती चुकीची होती, काहींत तर सांगितल्याच्या निम्मंच प्रोटीन निघालं. सुमारे १४ टक्क्यांत बुरशीपासून तयार होणारं अफ्लाटॉक्सिन हे विष सापडलं. म्हणून सुट्या पिशवीतली, लेबल नसलेली, "आपल्या ओळखीतून" मिळणारी पावडर कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. अश्वगंधा, शतावरी अशा दहा वनस्पतींचं मिश्रण असलेलीही नको. जेवढे घटक कमी, तेवढं बरं.

घेतलाच तर कसा घ्यायचा

पहिला आठवडा अर्धा स्कूप. पोट ठीक राहिलं तर पूर्ण. दिवसाला एकच, पाण्यातून. दुधातून घ्यायचा तर त्या दुधाच्या कॅलरी मोजा. डब्यातला चमचा एकदा काट्यावर मोजून घ्या, कारण शिगोशीग भरलेला चमचा ३० ऐवजी ३८-४० ग्रॅमही भरतो. आणि हा स्कूप कशाच्या तरी जागी आला पाहिजे. संध्याकाळची बिस्किटं, वडापाव, दुसऱ्यांदा घेतलेला भात, यांपैकी काहीतरी जायला हवं. जेवणावर वरून घेतलेली पावडर म्हणजे फक्त वाढीव १२० कॅलरी.

व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासात प्यायलं नाही तर फुकट, ही धास्ती सोडून द्या. दिवसभराची बेरीज महत्त्वाची, आणि ती तीन-चार खाण्यांत वाटलेली असावी. चवरहित पावडर धिरड्याच्या पिठात किंवा ताकात मिसळली तरी चालते, शिजवल्याने प्रोटीन नष्ट होत नाही. उकळत्या चहात मात्र गुठळ्या होतात.

जिममध्ये डब्याबरोबर आणखी काही गोष्टी पुढे केल्या जातात. प्रोटीन पुरेसं असताना बीसीएएची, म्हणजे तीन ठरावीक अमिनो आम्लांच्या पावडरची, गरज नाही, ती अमिनो आम्लं तुमच्या डाळीत, दह्यात आणि व्हेमध्ये आधीच आहेत. फॅट बर्नरमध्ये मुख्यतः कॅफीन असतं, छातीत धडधड आणि झोपेचं खोबरं होतं. क्रिएटिन नावाची पावडर मिळते, ते ताकदीसाठी चांगलं आहे, पण स्नायूंत पाणी धरून ठेवतं, त्यामुळे सुरुवातीला काटा किलोभर वर जातो. वजन उतरवणारा नवखा माणूस त्याने गोंधळतो, म्हणून पहिले तीन महिने नकोच. आणि कुणी इंजेक्शनची भाषा काढली तर ती जिमच सोडा.

किडनीचं काय? निरोगी माणसाने किलोमागे १.६ ग्रॅमपर्यंत प्रोटीन घेतल्याने किडनी बिघडते असा पुरावा नाही. पण किडनी आधीच दुखावलेली असेल तर जास्त प्रोटीन तिच्यावर भार टाकतं, आणि आपल्याकडे मधुमेह व रक्तदाबामुळे किडनी दुखावलेल्या अनेकांना ते माहीतच नसतं. मधुमेह, रक्तदाब, मुतखडा किंवा घरात किडनीचा आजार असेल तर प्रोटीन वाढवण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून डॉक्टरांना दाखवा. साध्या चाचण्या आहेत. गरोदर बायका आणि अठरा वर्षांखालच्या मुलांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडूच नये. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शनातही स्नायू वाढवण्यासाठी पावडर टाळा, प्रोटीन अन्नातून घ्या, असाच सल्ला आहे.

तीन आठवड्यांनी काटा हलला नाही तर

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काटा फसवतो. नव्या व्यायामाने स्नायू दुखावतात, सुजतात आणि पाणी धरतात. चरबी कमी होत असताना वजन तेवढंच दिसतं, कधी किलोभर वाढतंही. नेमक्या याच वेळी लोक घाबरून डबा घ्यायला जातात. त्याऐवजी रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा. दर रविवारी बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा. उचलायची वजनं वहीत लिहा. कंबर कमी होतेय आणि उचलायचं वजन वाढतंय किंवा टिकून आहे, तर स्नायू शाबूत आहेत आणि प्रोटीन पुरतंय. बायकांनी पाळीच्या आधीचा आठवडा तुलनेत धरू नये, तेव्हाही अंगात पाणी साठतं.

चार आठवड्यांच्या सरासरीतही फरक नसेल तर तूटच पडलेली नाही. तेव्हा प्रोटीनमध्ये खोट शोधू नका, आधी तेल बघा. पोह्यांना, भाजीला, फोडणीला अंदाजाने ओतलेलं तेल कुणीच मोजत नाही, आणि मोठा चमचाभर तेलाच्या १२५ कॅलरी होतात, एका स्कूपपेक्षाही जास्त. तेलाची नवी पिशवी फोडाल तेव्हा तिच्यावर तारीख लिहा. ती संपली की घरातली माणसं आणि दिवस यांनी भागा. चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर जात असेल तर माणशी रोजचे ३० ग्रॅम, म्हणजे २७० कॅलरी, फक्त तेलाच्या. ते तीन लिटरवर आणलं की पदरात रोजच्या जवळपास ७० कॅलरी पडतात, आणि संध्याकाळचा साखरेचा चहा बिनसाखरेचा केला की आणखी तीस-चाळीस. महिनाभर एवढंच बदला आणि पुन्हा सरासरी काढा.